कुरव

लॅरिडी कुलातील समुद्रपक्षी. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मुख्यतः याच्या दोन जाती आढळतात : तपकिरी डोक्याचा कुरव व काळ्या डोक्याचा कुरव. पहिल्याची वीण लडाख, तिबेट इ. उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी, तर दुसऱ्याची यूरोप व आशियाच्या समशीतोष्ण भागांत होते. ऑक्टोबरच्या सुमारास थवे येतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परततात.

हिवाळ्यात दोन्ही जातींचे डोके पांढरट होते व डोळ्यामागे काळसर डाग तेवढा उरतो. म्हणून ओळख पंखांवरून पटते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या (लांबी सु. ४२ सेंमी.) पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात. दुसरी जात किंचित लहान असून तिच्या पंखांची पुढील कड पांढरी असते.

बोटे पातळ त्वचेने जोडलेली असल्याने कुरव चांगला पोहतो. मात्र भक्ष्य तो बहुधा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच उचलतो. मासे, कवचधारी प्राणी, कृमी व कीटक हे त्याचे अन्न होय. ओहोटीच्या वेळी तो चिखलात भक्ष्य शोधतो, तसेच मासेमारी नौकांमागे उडत टाकाऊ मासळी व आतडी खातो. त्यामुळे बंदरांतील घाण कमी होते.

मुंबईहून घारापुरी व मांडव्याकडे जाणाऱ्या बोटींतील प्रवासी कुरवांना शेव-गाठी टाकतात. तळलेले, खारट पदार्थ नैसर्गिक प्रथिनयुक्त आहाराची जागा घेऊ शकत नाहीत. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी लागणारी चरबी पक्ष्यांना येथील आहारातूनच साठवावी लागते. म्हणून मासळीने समृद्ध खाड्या व चिखलाणी राखणे हेच त्यांचे खरे संरक्षण होय.