आयिया इरिनी येथील मृण्मय अश्वारोही

भाजलेल्या मातीच्या लहान घोडेस्वारमूर्ति संग्रहकारांस विशेष प्रिय असतात. परंतु अशी मूर्ति खेळणें होती, प्रेताबरोबर पुरलेली वस्तु होती, कीं देवास वाहिलेली होती, हें केवळ तिच्या घडणीवरून ठरत नाहीं, असें आमचें मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ सायप्रस बेटांतील एक उदाहरण येथें देतों.

या बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळ आयिया इरिनी नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १९२९ मध्यें स्वीडनच्या संशोधकांनीं उत्खनन केलें. एका उघड्या देवस्थानांत वेदीभोंवतीं सुमारें २००० मृण्मय मूर्ति अर्धवर्तुळाकार रांगांनीं उभ्या सांपडल्या. लहान पुढें व मोठ्या मागें. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. ६५० ते ५०० असा धरितात. त्यांत योद्धे, रथ व वृषभ यांबरोबर हातानें वळलेले घोडेस्वारहि आहेत. स्त्रीमूर्ति मात्र अगदींच थोड्या. वेदीभोंवतींच्या या रचनेवरूनच त्या देवास अर्पिलेल्या होत्या, हें निश्चित होतें.

आतां त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील अमाथस पाहावें. तेथें ब्रिटिश म्यूझियमनें १८९३-९४ मध्यें थडगीं उघडलीं, त्यांतहि मातीचे घोडेस्वार निघाले. म्हणजे रूप तेंच. पण एके ठिकाणीं तें देवापुढें, दुसरीकडे मृताजवळ.

'सैन्धव' शब्दाचे मीठ व घोडा असे दोन अर्थ आहेत. जेवतांना मागितल्यास मीठ आणावें, प्रवासास निघतांना मागितल्यास घोडा, हें शास्त्रकारांचें उदाहरण विद्वानांस परिचित आहेच. आमच्या मातीच्या सैन्धवाचा अर्थहि असाच प्रसंगावरून व स्थानावरून लागतो.

आयिया इरिनीच्या मूर्तींची पुढें निकोसिया व स्टॉकहोम येथील संग्रहालयांत वाटणी झाली. तरीहि प्रत्येकीची जागा उत्खननाच्या वेळींच नोंदली गेल्यामुळें तो समूह कागदावर अखंड राहिला आहे. उलट, नोंदीवांचून उचललेली मूर्ति रुमालांतून सुट्या काढलेल्या पत्रासारखी होय: अक्षरें शाबूत, पण संदर्भ गेला; आणि गेलेला संदर्भ कितीहि मोल दिलें तरी परत मिळत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, वस्तु कोठें, किती खोलीवर व कशाच्या सांनिध्यांत मिळाली, हें प्रथम टिपून ठेवावें. केवळ विक्रेत्याचें सांगणें असेल, तर तें त्याचें सांगणें म्हणूनच लिहावें.