जुनी ऐरण घेताना: एक भाव लोखंडाचा, दुसरा पाण्याचा

वर्तमानपत्रांत रोज एखादा प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो, पण खरी ऐरण विकत घ्यायची वेळ आली की तिचा भाव कसा ठरवायचा हे सांगणारं कुणी भेटत नाही. वाळूज-चिकलठाण्याकडे छोटं शेड टाकणारे, गावाकडे विळे-खुरपी घडवणारे, हौसेनं चाकू-कोयते बनवणारे तरुण, असे बरेच जण छत्रपती संभाजीनगरात जुनी ऐरण शोधत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लोहारकामाचा अनुभव नसला तरी अडणार नाही.

आधी एकच गोष्ट समजून घेऊ. पोलाद लाल तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. ऐरणीच्या वरच्या सपाट तोंडाला असं पाणी दिलेलं असतं, म्हणून घणाचे घाव बसूनही ते दबत नाही. बाकीचं धड नुसतं वजनासाठी. म्हणजे आपण भंगाराच्या भावापेक्षा जे जास्त पैसे मोजतो, ते या बोटभर थरातल्या पाण्याचे. पाणी नसेल तर ते भंगारच, मग कितीही सुबक दिसो.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिली ऐरण घेतली ती काळ्या रंगात चकचकीत न्हालेली होती. विक्रेता म्हणाला, “निझाम के जमाने का माल है, भाई.” मीही मान डोलावली. घरी आणून तिसऱ्याच दिवशी कडेवर हातोडा निसटला आणि सुपारीएवढा टवका उडाला. आत करडं, दाणेदार बीड! बीड म्हणजे साच्यात ओतलेलं ठिसूळ लोखंड, ज्याची गटारांची झाकणं होतात. निझामाचा काळ १९४८ साली संपला. त्या ऐरणीचा रंग पुरता वाळलाही नव्हता.

तेव्हा पहिली पायरी बाजारात जाण्यापूर्वीची. दोन भाव विचारून ठेवा. एक, भंगारवाल्याकडे लोखंडाचा आजचा किलोचा दर. दुसरा, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात नव्या पोलादी ऐरणीचा दर, तोही किलोवर. जुन्या ऐरणीची रास्त किंमत या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते. दुकानात विचारताना ‘पोलादी की बिडाची’ हे स्पष्ट विचारा. नव्या मालातही दोन्ही मिळतात आणि दोन्ही सारखीच रंगवलेली असतात.

खिशात चार वस्तू घ्या: इंचभर जाडीचा बेअरिंगचा छर्रा, स्टीलची फूटपट्टी, जुनी बारीक कानस आणि खडूचा तुकडा. एक छोटी हातोडी आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं पिशवीत असू द्या. छर्रा गॅरेजवाल्याकडे मोडक्या बेअरिंगमधून मिळतो.

आता ऐरण समोर आहे. तिला चार अवयव. वरचं सपाट तोंड. पुढचं निमुळतं शिंग, ज्यावर सळई वाकवून कडी करतात. शिंग आणि तोंड यांच्यामधली थोडी खालची पायरी. आणि मागच्या शेपटाकडची दोन भोकं. चौकोनी भोकात छन्नीसारखी अवजारं बसवतात, गोल भोकावर पत्र्याला भोक पाडतात.

वजनापासून सुरुवात करा, कारण हिशेब त्यावरच चालतो. जुन्या इंग्रजी ऐरणींच्या कुशीवर तीन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १-२-१०. इथे पुष्कळ जण फसतात. कुणी ते ‘एकशे वीस किलो’ म्हणून सांगतं, कुणी नुसताच माल नंबर समजतं. खरं म्हणजे पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याचा पाव हिस्सा, म्हणजे २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. तेव्हा १-२-१० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. डडली गावच्या पीटर राइट या नामांकित कारखान्याच्या ऐरणींवर वजन असंच लिहिलेलं असतं.

तरीही काट्यावर घालाच, आणि तो काटा भंगारवाल्याचा प्लॅटफॉर्म असू द्या. ट्रक मोजण्याच्या वजनकाट्यावर जाऊ नका. तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं वजन दाखवतो, ऐरणीला तेवढी चूक महागात पडते. छापलेल्या वजनापेक्षा काटा बराच कमी दाखवत असेल, तर कुणीतरी मशीनवर तोंड छिलून सपाट केलेलं असण्याची शक्यता आहे. छिलताना सगळ्यात आधी जातो तो पाण्याचाच थर.

मग नजर. ताजा रंग दिसला की सावध व्हा. रंगाखाली एम-सील आणि पुट्टी भरून भेगा लपवतात. फूटपट्टी तोंडावर उभी धरून खालून उजेड पाहा. मधे दोन-तीन मिलिमीटर खळगा असेल तर घाबरू नका, वाकडी सळई सरळ करायला तो उलट बरा पडतो. बोट घुसेल एवढा खळगा मात्र नको. कडा थोड्या गोलसर असणं चांगलंच. टवके उडून कडा करवतीसारखी झाली असेल तर प्रत्येक कामावर तिचा वण उमटेल.

छन्नीचे घाव कुठे आहेत, हे नीट पाहा. जुन्या इंग्रजी घडणीच्या ऐरणीत शिंग आणि मधली पायरी मुद्दाम नरम ठेवलेली असते. छन्नीनं तोडकाम करायची जागा तीच, म्हणजे छन्नीची धार मोडत नाही. पायरीवर खुणाच खुणा आणि तोंड स्वच्छ असेल, तर मालक जाणता होता असं समजा. तोंडावरच घाव असतील, किंवा गॅस कटरनं वितळल्याचे थेंब असतील, तर तिथलं पाणी उतरलेलं असू शकतं. आगीत सापडलेल्या ऐरणीचं तर सगळंच पाणी उतरतं आणि दिसायला ती धडधाकट दिसते.

भेगांसाठी एक जुनी युक्ती. चौकोनी भोकाचे कोपरे आणि शेपटाची मुळं डिझेलच्या फडक्यानं पुसा. मग कोरड्या कापडानं अगदी खसखसून कोरडं करा आणि वर खडू घासा. पाच मिनिटं दुसरीकडे बघा, चहा सांगा. भेग असेल तर आत मुरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. शेपूट तुटतं ते बहुतेक याच कोपऱ्यातून, म्हणून ही रेघ दिसली की मी सरळ पुढच्या दुकानात जातो.

आवाजाची परीक्षा आपल्याला आधीच येते. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारतोच. तशीच हातोडी हलकी मारत तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. पोलाद टण्ण वाजतं, बीड ठक्क करतं. एखाद्याच जागी आवाज बसका आला, तर वरचा पोलादी थर तिथं खालच्या लोखंडापासून सुटला आहे. पण नुसत्या आवाजावर भाव ठरवू नका. ओंडक्याला घट्ट आवळलेली चांगली ऐरणही गप्प असते, म्हणून आधी ती सोडवून घ्या.

खरा निकाल छर्रा देतो. तोंडाचा हातभर भाग घासून गंज-रंग काढा, ऐरण पक्क्या जमिनीवर आहे ना पाहा. फूटपट्टी उभी धरा, २५ सेंटिमीटरवरून छर्रा सोडा आणि तो किती वर उसळतो ते वाचा. डोळ्यांना पटकन दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. १८ ते २० सेंटिमीटर उसळला तर पाणी शाबूत आहे. १५ च्या आसपास म्हणजे कामचलाऊ. १२ च्या खाली आला तर पाणी उतरलंय, आणि बिडावर तर तो सात-आठावरच मान टाकतो. किमान सहा जागी सोडा. कडेला थोडा कमी उसळणारच, तो दोष नाही. मधेच एका जागी अचानक मेला, तर तिथं वेल्डिंगनं ठिगळ लावलेलं असू शकतं.

ते ठिगळ कानस पकडून देते. पाणी दिलेल्या भागावर कानस घसरते, नरम ठिगळावर चावते. तोंडावर रेघ ओढू नका, विक्रेता रागावेल आणि त्याचं बरोबर असेल. कडेच्या कोपऱ्यात हलकेच फिरवा. बिडाची खात्री हवी असेल आणि मालक राजी असेल, तर बुडाशी ग्राइंडर क्षणभर टेकवा. बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद तांबड्या. पोलादाच्या लांब, पिवळसर, टोकाला फुटणाऱ्या. साच्याची जोडरेघ पाहून ‘बीड आहे’ म्हणणारे भेटतील; ती रेघ ओतीव पोलादावरही असते.

रुळाच्या तुकड्याची ऐरण आपल्याकडे सर्रास दिसते. वाईट नाही. रुळाचं पोलाद चिवट, कर्ब जास्त असलेलं. पण ५२ किलोचा रूळ म्हणजे एक मीटरला ५२ किलो. फूटभर तुकडा जेमतेम १६ किलो भरतो, आणि माथा फक्त पावणेसात सेंटिमीटर रुंद. आडवा ठेवला तर मधली पातळ भिंत घाव गिळते. म्हणून जाणते लोहार तुकडा उभा गाडून त्याच्या टोकावर ठोकतात. किंमत मात्र भंगारापेक्षा थोडीच जास्त द्यावी, आणि पावतीशिवाय मुळीच घेऊ नये. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. तो कुठून आला हे सांगण्याची वेळ आपल्यावर येते.

रस्त्याकडेला पालं टाकणाऱ्या घिसाडी लोहारांकडे खुंट्यासारखी लहान चौकोनी ऐरण असते, जमिनीत किंवा लाकडात रोवलेली. तिला शिंग नाही, भोक नाही, वजनही कमी. तरी नवरा सांडशीत फाळ धरतो, बायको घण मारते आणि दिवसभराचं काम त्या पंजाएवढ्या तोंडावर निघतं. तिला किलोचं गणित लावू नका. मनगटाएवढं काम करायचं असेल तर मोठ्या ऐरणीची हौस कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. साधारणपणे एक किलोच्या हातोडीला ५० किलोची ऐरण पुरते.

आता हिशेब. समजा भंगार ३५ रुपये किलो आणि नवी पोलादी ऐरण १८० रुपये किलो. हे आकडे नुसते उदाहरणाला धरलेत, आपण विचारून आलेले भाव घाला. आपली ८१ किलोंची ऐरण भंगारात २,८३५ रुपयांची आणि नवी १४,५८० रुपयांची. पाणी शाबूत, भेग नाही, कडा बऱ्या, तर नव्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे सुमारे ७,३०० ते ९,७०० रुपये मी देईन. छर्रा १५ वर अडला किंवा कडा अर्ध्या गेल्या, तर भंगाराच्या दीडपट-दुप्पट. बीड निघालं तर भंगाराचा भाव, वर एक रुपया नाही. नामांकित छाप असेल तर जाणकार थोडे जास्त देतात. पण छाप पाहून छर्रा विसरू नये.

‘तोंड खराब आहे, वेल्डिंग करून घेऊ’ या आशेवर भाव वाढवू नका. पोलादी थर आधी तापवून, योग्य रॉडनं भरून, पुन्हा सपाट करावा लागतो, आणि तापताना आजूबाजूचं पाणी उतरतं. मजुरी धरली तर जुनी ऐरण नव्याइतकीच पडते. बिडावर तर वेल्डिंग टिकतच नाही म्हणा ना.

नेण्या-आणण्याचा खर्चही आत धरा: छोटा हत्ती, दोन हमाल, वर बाभळीचा ओंडका. ऐरण एवढ्या उंचीवर बसवा की उभं राहून मूठ वळली तर बोटांची पेरं तिच्या तोंडाला टेकतील.

पारंपरिक लोहारांनी आणखी एक पाहावं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, आणि नोंदणी झालेल्या कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. ते हाती येणार असेल, तर जुन्या मालासाठी नव्याच्या जवळपासचा भाव देण्यात अर्थ नाही.

शोधायचं कुठे? बंद पडलेल्या शेडांचा माल, भंगाराची दुकानं आणि जाफर गेटचा रविवारचा बाजार. सरकारी कारखान्यांचं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघतं, पण तिथं एक ऐरण नव्हे, अख्खा ढीग घ्यावा लागतो, वर १८ टक्के जीएसटी. एकट्यादुकट्याचं ते काम नाही.

रविवारी जाणार असाल तर सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लागत नाही आणि परीक्षा घाईत उरकली जाते. सौदा ठरला की पावतीवर वजन, दर आणि ‘पोलादी’ हा शब्द, तिन्ही लिहून घ्या. ‘पोलादी’ लिहायला विक्रेता कचरला, तर छर्रा पुन्हा एकदा सोडून पाहा.