न कापतां शृंगारलेला भोपळा

अमेरिकेंत ऑक्टोबरच्या ३१ तारखेस 'हॅलोवीन' नांवाचा सण होतो. त्या रात्रीं दारोदार भोपळे मांडतात. आंतील गर काढून सालीवर डोळे, नाक, तोंड कोरतात व पोटांत दिवा ठेवतात. ही चाल मूळची आयर्लंडांतील. तेथें ती सलगमावर होत असे. आयरिश लोक अमेरिकेंत गेल्यावर तिकडील मुबलक भोपळा त्यांनी हातीं घेतला. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या माझ्या पुतण्यानें गेल्या वर्षीं मुलांच्या भोपळ्यांचीं छायाचित्रें धाडलीं, त्यांत एकही कोरलेला नव्हता. लहान हातांत सुरी नको म्हणून मुलांनी ते केवळ रंगविले होते. तें पाहून आमच्या घरांतील वडील माणसें म्हणालीं, "यांत नवें तें काय? आपल्या दारावरचा कोहळा तरी कोठें कापलेला असतो?"

त्यांचें म्हणणें खरें आहे. नवें घर झालें किंवा दुकान उघडलें कीं आपणांकडे अखंड कोहळा आणून त्यास हळदकुंकू लावतात, स्वस्तिक काढतात आणि सुतळीच्या जाळींत घालून चौकटीवर टांगतात. कार्तिक शुद्ध नवमीस कूष्मांड नवमी म्हणतात व त्या दिवशीं कोहळ्याचें दान करतात. टांगलेला कोहळा लवकर कुजला तर दृष्ट त्यानें घेतली असें मानतात. दृष्टीचें ज्याचें त्यानें पाहावें. परंतु पुष्कळदां तो कोहळा कोवळाच तोडलेला असतो किंवा त्याचें देंठ मोडलेलें असतें, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

भोपळा व कोहळा टिकतात ते सालीच्या जोरावर. साल अभंग असेल तर पक्कें फळ कोरड्या, हवेशीर जागीं महिनेच्या महिने राहतें. कापलें कीं आपल्या उन्हांत दोन-तीन दिवसांत त्यास बुरशी येते. प्रवरेच्या पाटाखालील बागाईतदारास याचें महत्त्व वाटणार नाहीं, पण पाथर्डी-जामखेडकडील जिरायत गांवीं माघ-फाल्गुनांत भाजी मिळण्याची मारामार होते, तेव्हां माळ्यावरचें डांगरच घर चालवितें.

हा धडा मीं नुकसान सोसून शिकलों. एके वर्षीं दसऱ्यास मुलांच्या हौसेखातर पडवींतील तीन डांगरांस टांचण्या टोंचून झेंडूच्या माळा बसविल्या. शोभा उत्तम दिसली. सण झाल्यावर माळा काढल्या व तीं फळें इतरांबरोबर माळ्यावर रचलीं. टांचणीचें भोंक तें केवढें! परंतु दिवाळीपूर्वींच तेथून पाणी सुटलें, आणि खेटून ठेवलेलीं चांगलीं डांगरेंही नासलीं. बियाण्यासाठीं राखलेलें सर्वांत मोठें फळ त्यांतच गेलें.

म्हणून ज्यांच्या घरीं मुलांस हौस आहे त्यांनी ती अवश्य पुरवावी, पण फळास इजा न करतां. नखानें साल दबत नाहीं व देंठ वाळलें आहे असेंच फळ निवडावें. तोडतांना तीन-चार बोटें देंठ ठेवावें आणि देंठ धरून फळ कधीं उचलूं नये. आठ-दहा दिवस कोरड्या उबदार जागीं राहूं दिल्यास साल आणखी कठीण होते. मग कोरड्या फडक्यानें पुसून गेरू, चुना, हळद, काजळ यांनी हवीं तीं तोंडें काढावीं. रंग पातळच लावावा व सावलींत वाळवावा. तैलरंग खाण्याच्या फळास लावूं नये. फुलांची माळ सुतळीनें नुसती गुंडाळावी व कोमेजतांच काढावी. ओल राहिली तर तेथूनच कूज लागते. कोहळ्याच्या अंगावरील पांढरी भुकटी मात्र पुसून टाकूं नये. ती मेणासारखी असून पाणी आंत शिरूं देत नाहीं.

सण आटोपल्यावर फळें शिंक्यांत टांगावीं, अथवा माळ्यावर पेंढा घालून एकमेकांस न लागतां ठेवावीं. दर पंधरवड्यास हात फिरवून पाहावें. मऊ लागेल तें त्याच दिवशीं खालीं आणावें. कापण्याच्या वेळीं रंग धुवून काढावा. डांगराचे घारगे, कोहळ्याचे सांडगे काय करावयाचे तें घरांतील मंडळींस सांगावयास नको. फक्त सर्वांत चांगल्या फळाचें बीं त्यांच्याकडून मागून घ्यावें, धुवून सावलींत वाळवावें, आणि राखेंत घोळून मृगापर्यंत गाडग्यांत ठेवावें.