युद्धात कामी आलेल्या तरुण कवींची कविता आणि तिचा वारसा : पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कवितेच्या संदर्भात

प्रस्तावना :

युद्ध आणि काव्य यांचे नाते प्राचीन आहे. महाभारतापासून पोवाड्यापर्यंत रणभूमीने कवींना विषय पुरविला. मात्र या काव्याचा कर्ता बहुधा रणाबाहेर उभा असे. शाहीर गात असे आणि योद्धा लढत असे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ही स्थिती बदलली. सक्तीच्या शिक्षणाचा लाभ मिळालेली एक संपूर्ण पिढी ब्रिटनमधून सैन्यात गेली आणि लढणाऱ्याच्याच हाती लेखणी आली. त्यांपैकी काही कवी विशी-तिशीतच मारले गेले. त्यांच्या कवितेचे स्वरूप कोणते आणि त्यांच्या पश्चात ती टिकली कशी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्साहाकडून शोकाकडे :

भारतीय काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह, करुणरसाचा शोक आणि बीभत्सरसाचा जुगुप्सा मानला जातो. या कवितेचा प्रवास समजून घेण्यास ही परिभाषा उपयुक्त ठरते. युद्धाच्या आरंभी रुपर्ट ब्रुक याने लिहिलेल्या पाच सुनीतांत उत्साह हाच प्रधान भाव आहे. ४ एप्रिल १९१५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील प्रवचनात त्यांतील एक सुनीत वाचले गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २३ एप्रिल रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी ब्रुकचा मृत्यू झाला. तो लढाईत नव्हे, तर गॅलिपोलीच्या वाटेवर रक्तदोषाने मरण पावला. तरीही हुतात्मा कवी म्हणून त्याची प्रतिमा तत्काळ रूढ झाली.

या उत्साहाविषयी पहिली शंका घेतली ती चार्ल्स हॅमिल्टन सॉर्ली या विशीतील स्कॉटिश तरुणाने. १९१४ मध्ये तो जर्मनीत शिकत होता. ज्या लोकांत तो राहिला होता, त्यांनाच शत्रू मानण्याची वेळ त्याच्यावर आली. त्यामुळे जर्मनीला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या सुनीतात द्वेष नाही. दोन्ही राष्ट्रे सारखीच आंधळी झाल्याची जाणीव आहे. ब्रुकच्या सुनीतांतील भावविवशतेवरही त्याने पत्रातून टीका केली. १३ ऑक्टोबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत तो मारला गेला. मृत सैनिकांना सांत्वनाचे गोड शब्द देऊ नयेत, अशा आशयाचे त्याचे अखेरचे सुनीत त्याच्या सामानात सापडले.

विल्फ्रेड ओवेन : करुणेचे काव्यशास्त्र :

विल्फ्रेड ओवेन (१८९३–१९१८) हा या परंपरेतील सर्वांत परिचित कवी होय. १९१७ मध्ये युद्धजन्य मानसिक आघातामुळे त्यास एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे सिगफ्रीड ससून या ज्येष्ठ कवीची भेट झाली आणि ओवेनच्या लेखनास निश्चित दिशा मिळाली. विषारी वायूच्या हल्ल्यावरील त्याच्या प्रसिद्ध कवितेचे शीर्षक रोमन कवी होरेसच्या वचनातून घेतले आहे. देशासाठी मरणे गोड असते, ही ती कल्पना. गुदमरणाऱ्या सैनिकाचे देहवर्णन समोर ठेवून ओवेन ही कल्पना असत्य ठरवितो. येथे बीभत्स हा करुणाचा वाटाड्या ठरतो. नियोजित संग्रहाच्या कच्च्या प्रस्तावनेतही त्याने वीरगाथा हा आपला विषय नसून युद्ध व त्यातून उपजणारी करुणा हा आपला विषय आहे, असे स्पष्ट केले होते.

त्याच्या रचनातंत्राचाही येथे निर्देश आवश्यक आहे. ओवेनने अपूर्ण यमकाचा सातत्याने वापर केला. त्यात शब्दांची व्यंजने तीच राहतात, स्वर मात्र बदलतो. मराठीत ‘वार’ आणि ‘वीर’ किंवा ‘काळ’ आणि ‘कूळ’ अशी जोडी योजावी, तसा हा प्रकार आहे. कानाला यमकाची अपेक्षा असते. ती जवळजवळ पूर्ण होते, पण पूर्ण होत नाही. अकाली तुटलेल्या आयुष्यांविषयी बोलताना ही अपुरी जुळणी अर्थाचाच भाग बनते.

४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडण्याच्या चढाईत ओवेन मारला गेला. मृत्यूची तार आईवडिलांच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धविरामाच्या दिवशी. या कवीचा भारताशीही एक हृद्य संबंध आहे. त्याच्या आईने १९२० मध्ये रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून कळविले की, अखेरचा निरोप घेताना मुलाने ‘गीतांजली’तील शब्द उच्चारले होते आणि त्याच्या वहीत ते टागोरांच्या नावासह लिहिलेले सापडले.

आयझॅक रोझेनबर्ग : साध्या शिपायाची दृष्टी :

ब्रुक, सॉर्ली आणि ओवेन हे अधिकारी होते. आयझॅक रोझेनबर्ग (१८९०–१९१८) हा मात्र साधा शिपाई होता. पूर्व लंडनमधील गरीब, स्थलांतरित ज्यू कुटुंबातील हा तरुण चित्रकलेचेही शिक्षण घेतलेला होता. त्यामुळे त्याच्या कवितेत उपदेशापेक्षा दृश्याला महत्त्व आहे. खंदकातील पहाटेवरील कवितेत एक उंदीर दोन्ही सैन्यांच्या मधून निर्वेधपणे फिरतो. माणसांनी आखलेली सीमा त्याला ठाऊक नाही. या एका प्रतिमेतून युद्धाची विसंगती प्रकट होते. मिळेल त्या कागदावर लिहून तो कविता घरी पाठवी आणि बहीण ॲनी त्या टंकलिखित करी. १ एप्रिल १९१८ रोजी तो मारला गेला.

वारसा कसा घडला? :

कविता चांगली असली म्हणजे ती आपोआप टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. या कवींचा इतिहास तो खोडून काढतो. सॉर्लीचा संग्रह १९१६ मध्ये निघाला, कारण त्याचे वडील केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक होते व कुटुंबाने कागद जपले. ओवेनच्या हयातीत जेमतेम चार-पाच कविता छापल्या गेल्या. त्याचा संग्रह ससूनच्या प्रस्तावनेसह १९२० मध्ये आला. पुढे १९३१ मध्ये एडमंड ब्लंडन व १९६३ मध्ये सी. डे लुईस यांनी आवृत्त्या सिद्ध केल्या. रोझेनबर्गच्या कविता १९२२ मध्ये गॉर्डन बॉटमली यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्या. आई, बहीण, मित्र आणि संपादक यांच्या श्रमावर हा वारसा उभा आहे.

विरोधही झाला. १९३६ मध्ये डब्ल्यू. बी. येट्स यांनी आपल्या काव्यसंकलनातून ओवेनला वगळले. निष्क्रिय सोसणे हा काव्याचा विषय होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. काळाने निराळा कौल दिला. बेंजामिन ब्रिटन यांनी १९६२ मध्ये ‘वॉर रेक्विएम’ या संगीतरचनेत ओवेनच्या ९ कविता लॅटिन प्रार्थनेत गुंफल्या. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या नव्या वास्तूत ती सादर झाली. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १६ युद्धकवींच्या स्मृतिशिलेचे अनावरण झाले. त्यांपैकी ६ कवी युद्धकाळातच मृत्यू पावले होते.

तथापि, स्मारक आणि कविता यांत नेहमीच सुसंवाद असतो असे नाही. ओवेनच्या थडग्यावर त्याच्याच एका कवितेतील शब्द कोरले आहेत. मूळ कवितेत तो पुनरुत्थानाविषयीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी येते. थडग्यावर प्रश्नचिन्ह गळाले आहे आणि शंकेचे आश्वासन झाले आहे. शोकाकुल कुटुंबाची गरज समजण्यासारखी आहे. पण हुतात्म्याचे शब्द जिवंतांच्या सोयीने कसे बदलतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्राच्या भूमीवरील एक दुवा :

ही परंपरा दुसऱ्या महायुद्धातही चालू राहिली. वेल्सच्या खाणप्रदेशात जन्मलेला अ‍ॅलन लुईस (१९१५–१९४४) सैन्याबरोबर भारतात आला. पुणे परिसरात त्याचा मुक्काम होता आणि पुण्याच्या रुग्णालयातील वास्तव्यावरही त्याने कविता लिहिल्या. ‘द मराठा घाट्स’ या कवितेत त्याने येथील उन्हाने भाजलेला डोंगर आणि कष्टकरी शेतकरी यांचे चित्रण केले. घाट चढणारा भिकारी आणि भूमिहीन सैनिक त्यात शेजारी उभे राहतात. ५ मार्च १९४४ रोजी आराकान आघाडीवर स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागून त्याचा अंत झाला; सैनिकी चौकशीने तो अपघात ठरविला. त्याचा दुसरा संग्रह १९४५ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या कवींनी युद्धकाव्याचा केंद्रबिंदू उत्साहाकडून शोकाकडे नेला. दुसरी, त्यांचा वारसा मृत्यूने नव्हे, तर जतन, संपादन व वाचन यांच्या दीर्घ परिश्रमाने घडला. तिसरी, हा वारसा अपुरा आहे. त्याच युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. फ्रान्समधून त्यांनी अनेकदा लेखनिकाकरवी लिहविलेल्या पत्रांचे अनुवादित उतारे सेन्सॉरच्या अहवालांत राहिले आणि तेच आज अभ्यासकांच्या हाती आहेत. ज्याच्या घरी कविता टंकलिखित करणारी बहीण होती त्याचा आवाज उरला. ज्याचे पत्रही दुसऱ्याने लिहिले त्याचा आवाज शासकीय कागदांत शोधावा लागतो. म्हणून तरुण सैनिकांच्या कवितेचा अभ्यास करताना उरलेल्या शब्दांइतकाच न उरलेल्या शब्दांचाही विचार होणे अगत्याचे आहे.