रंगाचा पासंग

बालमित्रांनो, आज आधी एक छोटासा उद्योग करा आणि मगच पुढे वाचा. घरातली वर्तमानपत्राची रंगीत पुरवणी घ्या. तिच्यातल्या एखाद्या हिरव्यागार चित्रावर भिंग धरा. भिंग नसेल तर चित्रावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि त्यावर पाण्याचा एकच थेंब सोडा. थेंबसुद्धा भिंगाचं काम करतो बरं का!

काय दिसलं? हिरवं रान गेलं कुठे? उरले नुसते ठिपके! काही निळे, काही पिवळे, मधूनच एखादा काळा. आणि गंमत अशी, की हिरवी शाई तिथे नाहीच. निळे आणि पिवळे ठिपके इतके बारीक आणि इतके जवळजवळ असतात, की आपल्या डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मिळून हिरवं दिसतं.

रंगीत छपाईचं सगळं गुपित या ठिपक्यांत आहे. छापखान्यात साधारण चारच शाया असतात. पहिली सायन, म्हणजे आकाशी आणि मोरपंखी यांच्या मधला निळा. दुसरी मॅजेंटा, म्हणजे साडीच्या दुकानातला आपला राणी रंग. तिसरी पिवळी आणि चौथी काळी. नारिंगी हवा? पिवळ्या ठिपक्यांत थोडे राणी रंगाचे ठिपके मिसळा. पोपटी हवा? पिवळे मोठे आणि निळे लहान करा. ठिपका लहानमोठा केला की रंग बदलतो.

दगडावरची चित्रं

पूर्वी हे काम फार कष्टाचं होतं. थोर चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत रंगीत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. देवादिकांची चित्रं घरोघरच्या भिंतींवर लागली, त्यात या छापखान्याचा मोठा वाटा होता. तिथे चित्रं दगडावरून छापत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. तोच कागद एकामागून एक दगडांवर दाबायचा आणि दर वेळी तो नेमका त्याच जागी बसवायचा. केसभर जरी हलला तरी ओठांचा लाल रंग गालावर जायचा!

त्या काळी रंग बरोबर आला की नाही, हे ठरवायचं कुणी? कारागिराच्या नजरेनं. नजर तयार व्हायला वर्षानुवर्षं लागत. पण नजर कितीही तयार झाली तरी ती माणसाचीच. आणि रंगाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला सहज फसवतात.

डोळे कसे फसतात?

करड्या रंगाच्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा फिकट दिसेल आणि पांढऱ्यावरचा गडद. दोन्ही एकाच कागदाचे असूनसुद्धा!

दुसरा पुरावा तुमच्या आईला विचारा. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस घेताना ती कापड दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघते की नाही? आत ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेला रंग बाहेर उन्हात वेगळाच निघतो. म्हणून चांगल्या छापखान्यात रंग तपासायच्या टेबलावर ठरलेलाच दिवा लावतात. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. छपाईसाठी जगभर ५००० केल्विनचा पांढरा प्रकाश ठरलेला आहे. म्हणजे मुंबईच्या माणसाने आणि जर्मनीच्या माणसाने एकच चित्र सारख्या उजेडात बघावं.

शिवाय कागदही खोड्या करतो. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो आणि ठिपका पसरतो. निम्मी जागा व्यापणारा ठिपका तिथे जवळजवळ पाऊण जागा व्यापल्यासारखा दिसतो. तेच चित्र गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलं तर ठिपका इतका पसरत नाही. त्यामुळे मूळ चित्र तेच असलं तरी एकीकडे काळपट आणि दुसरीकडे झगझगीत दिसू शकतं.

रंगाला आकडे

मग यावर उपाय काय? दूध लिटरने मोजतो, कापड मीटरने मोजतो, तसा रंगही मोजायचा! १९३१ साली प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, म्हणजे सीआयईने, रंग आकड्यांत सांगायची पद्धत ठरवली. १९७६ साली तिच्यातूनच 'लॅब' नावाची सोपी पद्धत निघाली. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे. पहिला सांगतो, रंग किती उजळ आहे. काळ्याचा ०, पांढऱ्याचा १००. दुसरा सांगतो, तो हिरव्याकडे झुकतो की लालाकडे. तिसरा सांगतो, निळ्याकडे झुकतो की पिवळ्याकडे.

आकडे आले की दोन रंगांतला फरकही मोजता येतो. त्याला 'डेल्टा ई' म्हणतात. हा फरक १ च्या आसपास असेल तर तो आपल्या डोळ्यांना जेमतेम कळतो.

आपल्या तिरंग्याचंच उदाहरण घ्या. राष्ट्रध्वज कसा असावा, याचं मानक भारतात १९५१ साली निघालं आणि त्याला क्रमांक दिला १. ध्वजाचे रंगही मानकात आकड्यांनी ठरवून दिलेले आहेत. नुसतं 'केशरी' म्हणून भागत नाही, कारण आंब्याचा केशरी वेगळा आणि झेंडूचा वेगळा!

पासंग काढणं म्हणजेच कॅलिब्रेशन

बाजारात भाजीवाल्या मावशींचा तराजू बघितलाय? रिकामा असतानाच एक पारडं खाली गेलं, तर दुसऱ्या बाजूला छोटासा दगड बांधून त्या काटा सरळ करतात. त्याला म्हणतात पासंग. आधी पासंग काढायचा, मगच तोलायला लागायचं.

छापखान्यातल्या यंत्रांचाही असाच पासंग काढावा लागतो. त्याला म्हणतात कॅलिब्रेशन. रंग मोजणाऱ्या यंत्राचं नाव आहे स्पेक्ट्रोफोटोमीटर. नाव लांबलचक असलं तरी काम सरळ आहे. ते कागदावर प्रकाश टाकतं आणि इंद्रधनुष्यातला कोणता रंग किती परत आला ते मोजतं. पण मोजायच्या आधी त्याला स्वतःलाच एका पांढऱ्याशुभ्र फरशीच्या तुकड्यावर ठेवून तपासतात. मोजणाऱ्याचाही पासंग काढायचा!

मग छपाईयंत्रावर रंगीत चौकोनांचा एक मोठा तक्ता छापतात. अशा एका प्रसिद्ध तक्त्यात १६१७ चौकोन असतात. प्रत्येक चौकोन मोजला, की हे यंत्र, ही शाई आणि हा कागद मिळून कोणता रंग कसा उमटवतात ते कळतं. या माहितीची जी फाईल बनते तिला 'प्रोफाइल' म्हणतात.

आता मोठ्यांची एक म्हण आठवा : दर बारा कोसांवर भाषा बदलते. आमच्या हरसूलकडची घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. यंत्रांचंही तसंच. कॅमेऱ्याची बोली एक, संगणकाच्या पडद्याची दुसरी, छपाईयंत्राची तिसरी. पडदा तर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, त्याच्याकडे शाईच नाही! प्रोफाइल म्हणजे या प्रत्येक बोलीचा शब्दकोश. आणि लॅबचे आकडे म्हणजे सगळ्यांना समजणारी प्रमाणभाषा. सगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीचे शब्दकोश वापरावेत म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी नावाची संस्था काढली.

पण एवढा आटापिटा कशाला?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चित्रातलं झाड जरा जास्त हिरवं झालं तर बिघडलं कुठे?" गोष्टीच्या पुस्तकात फारसं बिघडत नाही, खरंच. काही ठिकाणी मात्र बिघडतं.

नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस. देशातल्या चार नोटछापखान्यांपैकी हा एक आपल्याच जिल्ह्यात आहे. दोनशेची पिवळी नोट आणि शंभरची जांभळट नोट आपण रंगावरूनच ओळखतो. प्रत्येक गड्डीत वेगळीच छटा निघाली तर खरं कुठलं आणि खोटं कुठलं? नव्या पाचशेच्या नोटेतला चकाकणारा धागा बघा. नोट कलती केली की तो हिरव्याचा निळा होतो. बाबांना विचारून बघा हं!

डोळे तपासताना ठिपक्यांमध्ये लपलेला अंक ओळखायला लावतात ना? ही परीक्षा जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. लाल-हिरवा फरक कळतो की नाही, हे तिच्यावरून समजतं. रेल्वेगाडी चालवणाऱ्याला सिग्नल नीट दिसायला हवा, म्हणून त्याचीही अशी परीक्षा होते. तक्त्याचेच रंग घसरले तर चांगली नजर असलेला नापास होईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोष असलेला पास होईल.

जिथे प्रयोगशाळा नाही तिथे रक्त किती लाल आहे हे बघायला जागतिक आरोग्य संघटनेने एक पट्टी तयार केली. तिच्यावर लालाच्या सहा छटा असतात, हिमोग्लोबिन ४ पासून १४ पर्यंत. रक्ताचा थेंब खास कागदावर टिपायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि छटा जुळवायची. शेजारशेजारच्या छटांत फार थोडा फरक असतो. छपाईत तेवढीच चूक झाली तर आजारी बाईला "तू ठीक आहेस" असं सांगितलं जाईल.

आता आपल्या शेतात या. हरसूलच्या आसपास पावसाळ्यात भाताची आवणी होते. भाताला युरिया किती द्यायचा हे ठरवायला हिरव्या पट्ट्यांचा एक तक्ता मिळतो. त्यावर फिकट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत ४ किंवा ६ पट्टे असतात. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने असे तक्ते आशियातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेले. वरचं पूर्ण उमललेलं पान घ्यायचं, त्यावर आपल्या अंगाची सावली पाडायची आणि पानाचा मधला भाग पट्ट्याला लावून बघायचा. अशी निदान दहा रोपं बघायची. बहुतेक पानं त्या जातीसाठी सांगितलेल्या पट्ट्याहून फिकट असली तरच खत द्यायचं.

हा पट्टा चुकून जास्त गडद छापला गेला तर? चांगलं पानसुद्धा त्याच्यापुढे फिकट वाटेल आणि शेतकरी नको असताना युरिया टाकेल. पैसे जातील, भात माजून आडवा पडेल, कीड वाढेल आणि उरलेला युरिया पावसाबरोबर ओढ्याला जाईल. पट्टा फिकट छापला गेला तर उलटं होईल. पीक उपाशी राहील आणि फुटवे कमी येतील. एका छटेची किंमत किती, ते बघा!

म्हणून पालकांनाही एक विनंती. अशा तक्त्याचा फोटो मोबाईलवर आला तर त्याच्याशी पान जुळवू नका. झेरॉक्सही चालणार नाही. कृषी खात्याकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे मूळ तक्ता मागा. खात्री पटत नसेल तर मुलांना हा प्रयोग करू द्या. दोन मोबाईल शेजारी ठेवा, दोन्हींवर एकच फोटो उघडा आणि एकाचा उजेड कमी करा. हिरवा रंग दोन्हीकडे सारखा दिसतो का, ते बघा. दोघांचाही पासंग कुणी काढलेला नसतो ना!

आणि मुलांनो, तुम्हाला आणखी एक काम. उद्याच्या वर्तमानपत्राच्या पानांच्या कडा नीट तपासा. अगदी खाली कुठेतरी निळा, राणी, पिवळा आणि काळा असे चार बारीक ठिपके किंवा चौकोन सापडतील. ती नक्षी नव्हे. चारही रंग आपापल्या जागी बसले की नाहीत आणि शाई कमीजास्त झाली नाही ना, हे त्यांच्यावरून छापणारा बघत असतो. तुमच्या अंकात कुठला रंग घसरलाय ते शोधा आणि वर्गात दाखवा.