अपुऱ्या दिवसांचें बाळ व त्याचा मेंदू

सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि अद्यापि ऐकूं येते. ती निराधार आहे. गर्भांतील प्रत्येक वाढीव आठवडा बालकाच्या हिताचा असतो. मेंदूच्या बाबतींत तर विशेषच.

३२ आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेल्या बालकाच्या मेंदूंतील पोकळ्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. श्वास अडखळला, रक्तदाब एकाएकीं खालींवर झाला, कीं त्या फुटूं शकतात. आणि हा रक्तस्राव बहुतेक वेळां पहिल्या ७२ तासांत होतो. दुसरी इजा याहूनहि गुप्त. रक्तपुरवठा कमी पडून मेंदूचा पांढरा भाग दुखावतो, व त्याच्या खुणा कित्येक आठवड्यांनीं उमटतात. तोंवर बालक रडतें, दूध ओढतें, वजनानें वाढतें. आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात.

सुदैवानें निसर्गानेंच येथें एक खिडकी उघडी ठेविली आहे. ज्या टाळूवर आज्या तेल भरतात, त्याच मऊ जागेवरून सोनोग्राफीनें मेंदू पाहतां येतो. त्यांत सुई नाहीं, क्ष-किरण नाहींत. मात्र एकदां पाहून भागत नाहीं. पहिल्या आठवड्यानंतर पुनः चार ते सहा आठवड्यांनीं पाहावें लागतें.

धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवींहि २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवरून तेथवर येणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीहि अवेळीं कळा सुरू होतांच रुग्णालय गांठावें. कारण प्रसूतीपूर्वीं मातेस वेळेवर दिलेलें स्टेरॉइडचें इंजेक्शन या रक्तस्रावाचा धोका कमी करतें.

घरीं आल्यावर बाळाचें वय नीट मोजावें. दोन महिने आधीं जन्मलेलें मूल सहा महिन्यांचें झालें, तर त्याची तुलना चार महिन्यांच्या मुलाशीं करावी. तसें मोजूनहि तें मान धरीत नसेल, अंग ताठ ठेवीत असेल, एकच हात चालवीत असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबूं नये. झालेली इजा पुसून टाकणारें औषध नाहीं. परंतु वाढत्या मेंदूस लवकर मिळालेला व्यायाम कारणीं लागतो, आणि गेलेले महिने परत येत नाहींत.

घरांतील वडील मंडळी बारशाचा दिवस विसरत नाहींत. तपासणीचा दिवसहि त्यांनींच लक्षांत ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे.