कोळशाची उष्णता जाते कुठे?

चंद्रपूर : येथील महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मात्र तेथे जळणाऱ्या कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून वातावरणात जाते. हा केवळ यंत्रांचा दोष नव्हे. त्यामागे उष्मागतिकीचा दुसरा नियम आहे.

उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच वाहते. तिच्यापासून मिळणाऱ्या कामाची कमाल मर्यादा या दोन तापमानांवर ठरते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले. वाफ ५४० अंश सेल्सिअस व संघनक ४५ अंशांवर असेल, तर ही मर्यादा सुमारे ६१ टक्के येते. प्रत्यक्षात तीही गाठता येत नाही. ज्वलन, घर्षण, तापमानातील मोठी तफावत अशा प्रत्येक टप्प्यावर ‘एन्ट्रॉपी’ निर्माण होते. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये दिले. सर्वाधिक एन्ट्रॉपी बॉयलरमध्ये निर्माण होते. हजार अंशांहून तप्त ज्वालांची उष्णता वाफेत उतरताना नष्ट होत नाही. तिची काम करण्याची क्षमता मात्र कायमची घटते.

याची किंमत पाण्यातही मोजावी लागते. संघनकातील उष्णता वाहून नेण्यासाठी इरई धरणाचे पाणी लागते आणि शहराची तहानही तेच धरण भागवते. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्याने केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते. कोराडीतील ६६० मेगावॉटच्या ‘सुपरक्रिटिकल’ संचांप्रमाणे वाफेचे तापमान व दाब वाढविल्यास तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी लागतो. तोटा कमी करता येतो. शून्यावर आणता येत नाही.